पणाला लावण्याजोगे कपडे

ज्या पोकरमध्ये पैशांऐवजी अंगावरचे कपडे पणाला लावतात, तो खेळ थंड हवेच्या मुलखातच निघाला असणार, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. तिकडचा माणूस घरातसुद्धा कोट, जाकीट, सदरा असा थराथरांनी मढलेला असतो आणि हरण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ असते. ऑक्टोबर महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातला गृहस्थ संध्याकाळी घरी आला की बनियन आणि अर्ध्या विजारीवर येतो. दोन डाव हरला की खेळही संपला आणि अब्रूही.

मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून आमच्या घरातले संभाषण दूध, गॅसचा नंबर आणि सोसायटीची पाण्याची वेळ या तीन विषयांवर येऊन ठेपले होते. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने त्यावर हा उपाय सुचवला. त्याचे लग्न अलीकडचे असल्यामुळे त्याला सर्वच उपाय सोपे वाटतात. बायकोपुढे हा विषय कसा काढावा, या विवंचनेत मी काही दिवस घालवले, पण कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या त्या बाईंनी तपासायच्या उत्तरपत्रिका शांतपणे बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "अहो, द्यूत आणि वस्त्र एकत्र आले की काय होते, ते महाभारतात लिहून ठेवले आहे. तेव्हा पहिला नियम असा की ज्याने त्याने स्वतःचेच पणाला लावायचे."

दुसरा नियमही तिनेच केला: अंगावरून जे सुटे निघते, तो एक नग. मग ती आत गेली आणि काठापदराची साडी, बांगड्या, पैंजण, जोडवी, गजरा आणि निऱ्यांपासून खांद्यापर्यंत जागोजागी लावलेल्या सेफ्टी पिना असा सरंजाम लेवून बाहेर आली. प्रत्येक पिन हा स्वतंत्र नग आहे, हे मला तेव्हा सांगण्यात आले. बरोबरी साधण्यासाठी मी कपाट उपसले आणि पायमोजे, स्वेटर, मफलर व महाबळेश्वरला घेतलेली माकडटोपी अंगावर चढवली. समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या फोडणीत हिंग पडले की नाही हे आम्हाला घरबसल्या कळते, इतकी त्यांची खिडकी जवळ असल्यामुळे आमच्या सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागल्या. आणि पंखा लावला की पत्ते उडतात म्हणून पंखाही बंद झाला.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला पाच पत्ते वाटायचे, नको असलेले एकदा बदलून घ्यायचे, आणि मग शो करायचा, म्हणजे पत्ते उघडून दाखवायचे, किंवा पॅक, म्हणजे डाव सोडून द्यायचा. शोमध्ये हरला त्याने समोरचा सांगेल तो नग काढायचा. पॅक केले तर स्वतःच्या पसंतीचा. पहिल्याच डावात माझ्या हातात पाचही बदाम, म्हणजे रंग, आले आणि तिच्याकडे छक्कीपासून दश्शीपर्यंतची सिक्वेन्स निघाली. गोकुळाष्टमीच्या रात्री जागून तीन पत्ती शिकलेल्या माणसाला रंगापेक्षा सिक्वेन्स मोठी, हे पाढ्यांसारखे पाठ असते. मी आनंदाने हरलो आणि स्वेटरला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "पोकरमध्ये रंग मोठा. तुम्ही जिंकला आहात."

मी हरलो आहे असे मी परोपरीने सांगितले. पण तिने एक कोरी पुरवणी ओढून घेतली आणि मांडणी सुरू केली. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे निघतात. त्यांत सिक्वेन्स ७२० आणि रंग १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ आणि मोठी. पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारे निघतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि रंग अवघे ५,१०८, म्हणून इथे रंग मोठा. इथे थांबायला हरकत नव्हती. परंतु ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, ५२ प्रकारे आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगातली, ४८ प्रकारे लागत असताना तीन पत्तीत ट्रेलला वरचा मान का, या अन्यायाने ती अस्वस्थ झाली, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मफलरमधून घामाच्या धारा माझ्या पाठीवर उतरत राहिल्या.

त्यानंतर माझे धोरण पालटले. मला हरायचे होते, तेही शक्य तितक्या लवकर. या खेळात नजरेने आणि शब्दाने समोरच्याला गुंगवायचे असते असे ऐकले होते, म्हणून हातात दुर्री-तिर्रीचा पाला असताना मी आवाज मऊ करून म्हणालो, "आज फार सुंदर दिसते आहेस." तिने पत्त्यांवरून नजरही न हलवता विचारले, "काहीच आले नाही वाटते?" जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४४ साली पोकरचे गणित मांडताना दाखवले होते की उत्तम पत्त्यांवर आणि अगदी टाकाऊ पत्त्यांवर बोली लावावी, मधल्यांवर गप्प राहावे. अर्थात त्याच्या गणितातले खेळाडू एकमेकांशी विवाहबद्ध नव्हते.

मला हरायचे आहे हे तिने ओळखले आणि ती पॅक करू लागली. तीन राजे हातात असोत की काहीच नसो, ती हसून पत्ते पालथे घालायची, एक पिन काढून बशीत टाकायची, आणि मी विजयी होऊन स्वेटरमध्ये शिजत राहायचो. मी पॅक करावे तर माझ्याआधी तिचे पत्ते खाली पडलेले असत. गजऱ्याला, बांगड्यांना तिने हातही लावला नाही. बशी मात्र भरत गेली.

पिना संपल्यावर तिच्या लक्षात आले की खांद्यावरून पदर घसरतो आहे आणि तो सावरायला एक हात लागतो आहे. एका हातात पाच पत्ते पसरता येईनात. मी तत्परतेने तिचे पत्ते धरण्याची तयारी दाखवली.

"पत्ते तुमच्या हाती देऊन मी काय करू?" ती म्हणाली. "तुम्ही पदर धरा. पत्ते मी पाहते."

मी माकडटोपीसह सरकून तिच्या शेजारी बसलो आणि पदर धरला. पुढच्या डावात तिला तीन राण्या आणि दोन गुलाम आले. मला ते दिसत होते, तिला ते मुळीच लपवायचे नव्हते, आणि तिने शो मागितला. माझ्याकडे काहीच नव्हते.

"आधी टोपी," ती म्हणाली.