'खरा फ्रेडी' म्हणजे नक्की कुठला?

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं 'टाइम वेट्स फॉर नो वन' हे गाणं २०१९ मध्ये आलं, तो गेल्यावर साडेसत्तावीस वर्षांनी. त्यावरून चाहत्यांत अजून जुंपते. एका गटाचं म्हणणं, हाच खरा फ्रेडी, याच गाण्याचं १९८६चं रूप म्हणजे नुसता गोंगाट. दुसरा गट म्हणतो, गेलेल्या माणसाची कपाटं उचकणं थांबवा. मला हे गाणं जिवापाड आवडतं. तरीही कुणी 'खरा फ्रेडी' म्हटलं की मला राहवत नाही.

लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये १९८६ला 'टाइम' नावाचं म्युझिकल आलं. त्यामागे होता डेव्ह क्लार्क, साठच्या दशकातल्या 'डेव्ह क्लार्क फाइव्ह' या बँडचा ड्रमर. अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याने हे गाणं फ्रेडीकडून गाऊन घेतलं. बाहेर आलं ते भरगच्च, आवाजांचे थरावर थर चढवलेलं. क्लार्कच्या मनात मात्र घर करून राहिली होती ती तालीम: फक्त पियानो आणि फ्रेडी. बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर तो एकटा आवाज हाती लागला आणि त्याच्या साथीला मूळ पियानोवादक माइक मोरनने पियानो नव्याने वाजवला.

ऐकताना अंगावर काटा येतो. आवाज वर चढतो तेव्हा आधाराला काहीच नसतं, आणि तो ढळत नाही. इतकं सगळं असूनही, हे रूप फ्रेडीने निवडलेलं नाही. भव्यतेची हौस त्याची स्वतःची होती. क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त आवाजांचा डोंगर रचणारा तोच, आणि याच मोरनबरोबर १९८८चा 'बार्सिलोना' हा अल्बम करताना ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेला सोबत घेणाराही तोच. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकत असताना 'हेक्टिक्स' बँडमध्येही तो पियानोवर असायचा, मुख्य गायक दुसराच. संपूर्ण गाणं कसं उभं राहतं याकडे लक्ष असणारा माणूस होता तो. आज आपण त्यालाच सांगणार की तुझा थाट खोटा होता?

आणखी एक. हे गाणं ऐकून अनेक जण म्हणतात, त्याला मृत्यूची चाहूल लागली होती. शब्द त्याचे नाहीत, क्लार्क आणि जॉन क्रिस्टीचे आहेत. फ्रेडीचा जोडीदार जिम हटनने लिहिल्याप्रमाणे एड्सचं निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे हे गाणं आल्यानंतर. निरोप आपण ऐकतो, कारण पुढचं आपल्याला माहीत आहे.

क्वीनच्या 'मदर लव्ह' या गाण्याची गोष्ट वेगळी. १९९१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे त्याने जमेल तेवढं गायलं, शेवटचं कडवं राहिलं आणि ते क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने गायलं. मागे राहणाऱ्यांनी पुरं करावं म्हणूनच तो गात होता. तिथे संमती त्याची आहे. १९९३ला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याच्या 'लिव्हिंग ऑन माय ओन' या गाण्याचं डान्स रीमिक्स मात्र त्याने कधी ऐकलंच नाही, आणि त्यावर फारसं कुणी भांडत नाही याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

म्हणून अशी गाणी येऊ देत, मी विकत घेईन. फक्त कव्हरवर ठळक लिहा: आवाज १९८६चा, पियानो २०१८चा. आणि 'गोंगाट' म्हणणाऱ्यांनो, १९८६चं रूप हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका. मग खाली कमेंटमध्ये या, सविस्तर बोलू.