नॉर्वेचं चित्र दाखवून कोकणचा समुद्र मोजू नका

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. वर कातळाला बिलगलेल्या घरांचं जुनं चित्र, खाली त्याच गावाचा आजचा फोटो. मजकूर: ‘मुंकने १८८५ साली मध्यरात्रीच्या सूर्यप्रकाशात काढलेलं चित्र. १४० वर्षांत पाणी इंचभर वर आलेलं नाही. समुद्र वाढतोय ही थाप आहे. कोकणवाल्यांनो, सीआरझेडला भीक न घालता खुशाल बांधा.’ सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम, आणि मामांचं घर पुळणीला लागून आहे, म्हणून लिहावं लागतंय.

चित्र ‘द स्क्रीम’वाल्या मुंकचं नाही, आमाल्डुस नील्सेन या नॉर्वेच्याच दुसऱ्या चित्रकाराचं आहे. नाव ‘नी-हेल्लेसुंदमधील सकाळ’. मध्यरात्री सूर्य दिसतो तो पार उत्तरेला; हे गाव नॉर्वेच्या दक्षिण टोकाला, तिथे कसला आलाय मध्यरात्रीचा सूर्य! असो.

आता पाण्याचं. तिथली पाण्याची रेघ फारशी हललेली नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. नील्सेन उघड्यावर बसून, दिसेल तसं रंगवणारा, त्यामुळे चित्र खोटं म्हणायचीही सोय नाही. पण का हलली नाही? हिमयुगात स्कँडिनेव्हियावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. तो वितळला, आणि माणूस उठल्यावर गादी फुगावी तशी तिथली जमीन अजून वर येतेय. स्वीडनमध्ये येव्हलेजवळच्या एका खडकावर सेल्सियसने (हो, तापमानवालाच) १७३१ साली पाण्याच्या पातळीची खूण कोरून ठेवली. तिथे जमीन जास्त वेगाने उचलली जाते. आज ती खूण पाण्याच्या कितीतरी वर, कोरडी आहे.

म्हणजे नी-हेल्लेसुंदचा कातळ वर आला आणि तरीही पाणी जिथल्या तिथे, तर पाणीही वर आलं असणार ना? फॉरवर्डवाल्याने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा जोडलाय. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २०२१च्या अहवालात आकडा आहे: १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटीमीटरने चढला. एवढा फरक मोबाइलवर चित्र बघून कळतो होय?

कोकणावर असा बर्फ कधी बसलाच नव्हता. मुंबईतल्या अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत आणि त्यांचा कल चढाच आहे. उधाणाला लाटा कुठवर येतात आणि धूपप्रतिबंधक बंधारा का मागावा लागतो, हे मामांना मी सांगायला नको.

आणि मामा, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. सीआरझेडची नोटीस मात्र तुमच्या नावाने येईल.