‘पहिली गिटार स्वस्तातलीच घ्या’ म्हणणाऱ्यांना

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीपासून खानापूर-निपाणीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘पहिली गिटार मिळेल ती स्वस्तातली घ्या, पोरगं टिकलं तर चांगली घेऊ. नायलॉन तारांची नको, ती लहान मुलांची. बोटांतून रक्त आलं की समजा हात बसला. आणि भजन-हार्मोनियमवाल्या घरांनी या भानगडीत पडू नये, आपली गाणी गिटारवर बसत नाहीत.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण या सल्ल्याने पोरं गिटार सोडतात.

‘टिकलं तर चांगली घेऊ.’ टिकणार कसं, हाच तर प्रश्न आहे. मिरजेहून तंबोरा आणणारा माणूस जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, नीट लावून घेतल्याशिवाय पैसे मोजत नाही. गिटार मात्र आपण खोक्यातून काढून तशीच पोराच्या हातात देतो. तिलाही बसवावं लागतं, हे दुकानदार बहुधा सांगत नाही. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; तारा त्यांच्यापासून किती उंच आहेत, याला ॲक्शन म्हणतात. कंपासपेटीतली पट्टी घेऊन दुकानात जा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्टीलच्या तारांना २.५ मिमीच्या आसपास अंतर असेल तर उत्तम, ३ चालेल, ४ असेल तर नवशिक्याच्या हातात ती गिटार म्हणजे शिक्षा. मग तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी राहिली पाहिजे. जास्त असेल तर नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, उंच आहे. अशा गिटारवर एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर) कधीच नीट दाबली जात नाही, आणि जोर लावून दाबली की सूर चढतो. पोरगं म्हणतं, ‘जमंना झालंय,’ आणि आपण त्याच्या बोटांना दोष देतो.

हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवतात तो लाकडी तुकडा; त्यावरचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती बारीक पट्टी, खालून १ मिमी घासलं की बाराव्या फ्रेटवर तार साधारण अर्धा मिमी उतरते. जाणकाराला हे थोड्या वेळाचं काम आहे. म्हणून स्वस्त घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. बेळगावात इंजिनिअरिंग-मेडिकलची पोरं शिक्षण संपवून गावी जाताना गिटारी विकतात. त्यातली मान सरळ असलेली, वाजवून हाताला बसलेली एखादी मिळाली तर कोऱ्या स्वस्त गिटारपेक्षा कितीतरी बरी. किमतीआधी ॲक्शन बघा, एवढंच.

याच ओघात दुकानात ‘सॉलिड टॉपच घ्या’, म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाचीच हवी, असा आग्रह होतो. आवाज त्याचा चांगला, कबूल. पण खानापूर-जांबोटीच्या पावसात लाकूड ओल धरतं, पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की फ्रेटची टोकं बोटांना लागायला लागतात. चिकटवलेल्या थरांचा लॅमिनेट टॉप हे हेलकावे जास्त सोसतो. पहिल्या गिटारला तोच घ्यावा असं माझं मत. बाहेरच्या भिंतीला टेकवून मात्र कुठलीच ठेवू नये.

‘नायलॉन लहान मुलांची.’ पाश्चात्त्य क्लासिकल गिटारची मैफल नायलॉनवरच होते. त्याआधी आतड्याच्या तारा असत; १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या आणि आंद्रेस सेगोव्हियांसारख्या वादकाने त्या उचलून धरल्या. नेहमीच्या स्टील संचाचा एकूण ताण ७० किलोंच्या वर जातो, नायलॉनचा ४० किलोंच्या आसपास. कोवळ्या बोटांना हा फरक पहिल्या दिवशी कळतो. मान रुंद असते, ही तिची खरी अडचण. फार लहान हात असतील तर लहान मापाची घ्यावी. आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. ब्रिज उपटून येतो.

रक्ताबद्दल काय बोलायचं? पहिले काही आठवडे बोटांची टोकं दुखतात, मग कातडी घट्ट होते. रोज पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा बसा. रक्त आलं तर गिटार खाली ठेवा आणि ॲक्शन मोजा.

राहिली ‘आपली गाणी’. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, साध्या गिटारवर अडते, हे खरं. पण शास्त्रीय वादक ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर स्लाइड (घसरवायची कांडी) फिरवून राग वाजवले. तिथवर जायचीही गरज नाही. भजनाला दोन-तीन कॉर्ड पुरतात आणि हार्मोनियमवाल्या घरातल्या पोराला पट्टी आधीच कळते, हे मोठं भांडवल आहे. गाणारा काळी एक म्हणाला तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा आणि सी कॉर्डचा बोटांचा आकार धरायचा. काळी चार म्हणाला तर कॅपो तिथेच, आकार जीचा. काळी पाचला तोच जीचा आकार, कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. आजोबा पेटीवर असतील तर त्यांनाच सूर द्यायला सांगा. फक्त आधी ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) लावून गिटार त्यांच्या पेटीशी जुळते का बघून घ्या, जुन्या पेट्या बऱ्याचदा किंचित चढ्या किंवा उतरलेल्या असतात.