खुलासा : फ्लाउंडर या चपट्या माशाचे डोळे वाकडे नाहीत

खाडीकाठी बास माशासाठी गळ टाकला की मधेच फ्लाउंडर लागतो, त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला म्हणजे केमिकलने बिघडलेला मासा, असा फोटोसकट मेसेज फिरतोय. परवा मीपण पुढे पाठवला, चूक माझीच.

अहो, तो असाच असतो! अंड्यातून निघताना दोन बाजूंना एकेक डोळा असतो, सरळ पोहतो, मग काही आठवड्यांत एक डोळा सरकत सरकत पलीकडे जातो आणि हा गडी कुशीवर चिखलात पसरतो, म्हणून तर वरून मातकट आणि खालून पांढराफटक. बहुतेकांचे डोळे उजवीकडे, काहींचे डावीकडे, दोन्ही नॉर्मल. मी पकडलेल्यांचे जुने फोटो काढून बघितले, सगळे तसेच. पाणी खराब आहे का ते टेस्टिंगनेच कळतं, डोळ्यांवरून नाही. तो मेसेज प्लीज डिलीट करा, पुढे पाठवू नका.