आधी सांगावंसं वाटलं, शब्द नंतर आले

परवा भावाच्या घरी माझा चष्मा हरवला. उशा उचलून झाल्या, टेबल बघून झालं, मी आपली बडबडत घरभर फिरतेय. भाची वर्षाची होईल आता, अजून एक शब्द धड येत नाही तिला, जमिनीवर बसून माझी सगळी धावपळ बघत होती आणि एकदम तिने खुर्चीखाली बोट दाखवलं. नुसतं दाखवून थांबली नाही, एकदा खुर्चीकडे एकदा माझ्या तोंडाकडे असं बघत राहिली, आणि मी वाकून चष्मा काढला तेव्हा कुठे हात खाली घेतला. तिला काय करायचं होतं त्या चष्म्याचं? काही नाही. मला हवा होता आणि कुठे आहे ते तिला दिसत होतं, बस.

माझ्या मते भाषेची सुरुवात इथे आहे. घशाची रचना, मेंदू, व्याकरण सगळं महत्त्वाचंच, पण दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी त्याला सांगावंसं वाटणं हे आधी. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं, २००६ मध्ये त्यांनी प्रयोग करून दाखवलं की मोठं माणूस एखादी वस्तू शोधतंय हे बघून १२ महिन्यांची बाळंसुद्धा त्याला ती बोटाने दाखवतात.

आता चिंपांझी बघा. दोन डबे, त्यातल्या एकात खाऊ लपवलेला, माणूस त्या डब्याकडे बोट दाखवतो. चिंपांझी बोटाकडे बघतो, डब्याकडेही बघतो, आणि तरी कुठलाही डबा उचलतो! पण तोच माणूस त्याच डब्याकडे हात लांब करून तो स्वतःसाठी ओढायला गेला की चिंपांझीला लगेच कळतं खाऊ कुठेय. म्हणजे हुशारी कमी नाहीये हो. हा माझ्याशी स्पर्धा करतोय हे त्याला समजतं, हा माझ्या भल्यासाठी मला सांगतोय ही गोष्टच त्याच्या हिशोबात बसत नाही. १९७० च्या दशकात निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली होती, शंभराच्या वर खुणा आल्या त्याला. त्याचं सगळ्यात लांब 'वाक्य' १६ खुणांचं, आणि त्यात सांगणं काय, तर संत्रं दे, मला दे, खायला दे, हेच फिरवून फिरवून. मागणं होतं, सांगणं नव्हतं.

आणि सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. बोलायला काही लागत नाही, खोटं बोलायला पण नाही. मग ऐकणाऱ्याने विश्वास का ठेवावा? प्रत्येकजण आपापलं साधायला बोलत असता तर कान देणाऱ्याचंच नुकसान झालं असतं, हळूहळू कोणी ऐकलंच नसतं आणि भाषा जन्मालाच आली नसती. म्हणजे शब्दांच्या आधी असा एखादा गट हवाच जिथे उद्यापण ह्याच माणसांबरोबर राहायचंय, मुलं एकमेकांच्या भरवशावर टाकायचीयत, आणि कोण थापा मारतो हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार म्हणतात की माकडं एकमेकांचे केस निवडून नाती सांभाळतात आणि माणसांचे गट मोठे झाल्यावर ते काम गप्पांनी केलं. मला हे अर्धंच पटतं, कारण गप्पांवर तरी विश्वास कुठून आला हा प्रश्न उरतोच, पण कोण कसा वागला याच्या चर्चेमुळे थापाड्यांवर वचक राहिला असणार हे नक्की.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाचं उदाहरण तर प्रत्येकाने वाचावं असं आहे. १९७० च्या दशकापर्यंत तिथली बहुतेक कर्णबधिर मुलं घरातच असायची, एकेकटी. घरच्यांशी बोलायला घरच्याच चार खुणा. मग मानाग्वा या राजधानीत १९७७ मध्ये विशेष शाळा निघाली, पुढे १९८० मध्ये व्यवसाय शिक्षणाची शाळा, आणि पहिल्यांदाच एवढी मुलं एकत्र आली. शिक्षकांचा सगळा भर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर होता, ते काही फारसं जमलं नाही, पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये पोरांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या, आणि मागून आलेल्या लहान मुलांनी तर त्याला चक्क व्याकरण दिलं. आज ती पूर्ण भाषा आहे. कोणीही शिकवलेली नाही! घरी असतानाही तोच मेंदू होता ना त्यांच्याकडे, तेच हात, जीव लावणारे आईबाप पण असतील. सवंगडी नव्हते. भाषा ही आधी विचार करायला तयार झाली, बोलणं नंतरचं, असं चॉम्स्की मानतात, भाषाशास्त्रातला मोठा माणूस आहे, पण ह्या मुलांबद्दल वाचल्यापासून मला ते पटत नाही.

आपण रोज बोलतो त्यात पण हे सहकार्य ठासून भरलंय, दिसत नाही एवढंच. २००९ मध्ये १० भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास झाला, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. पण तोंडातून एक शब्द काढायच्या तयारीलाच ६०० च्या आसपास लागतात, म्हणजे समोरच्याचं वाक्य अजून चालू असतानाच ते कुठे संपणार हे ओळखून आपण तयार होत असतो!

आणि नुसतं ऐकणारा माणूसही रिकामा बसलेला नसतो. २००० साली जॅनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःवर बेतलेल्या प्रसंगांची गोष्ट सांगायला लावली आणि काही ऐकणाऱ्यांना गुपचूप काम दिलं, गोष्टीत ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजा. मोजण्याच्या नादात त्यांचं 'अरे बापरे', दचकणं, चेहरा कसनुसा होणं सगळं बंद, आणि सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली, शेवटाला येऊन अडखळायला लागले, तेच तेच परत सांगायला लागले. स्वतःची गोष्ट, स्वतःच्या आयुष्यातली, तरी नीट सांगता येईना. फोनवर पलीकडचं 'हं, हं' थांबलं की आपणही वाक्य अर्धवट सोडून विचारतोच ना, हॅलो, आहेस ना?