कोमट पाणी, गढूळ पाणी

शिकागोतल्या एका क्लबमधून मला परवा बाहेर काढलं. 'काढलं' हा शब्द बायकोला मंजूर नाही. तिच्या मते मला 'जरा वेळ बाहेर थांबायची विनंती' झाली. विनंती करणारा दारवान दाराएवढाच उंच होता आणि दार त्याने उघडूनच धरलं होतं, एवढंच सांगतो.

कार्यक्रम मडी वॉटर्सच्या स्मृतीचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं; त्यातला हा थोर माणूस 30 एप्रिल 1983 ला गेला, शिकागोच्या पश्चिमेला वेस्टमाँट नावाच्या उपनगरात. मीही त्याच बाजूला राहतो. शेजारधर्म म्हणून दोन महिने आधी दोन तिकिटं काढली होती. दुसरं बायकोचं. पण तेवढ्यात तिचे मामा मिरजेहून आले. "मामांना गाण्याची फार आवड आहे, त्यांनाच ने," असं म्हणून तिने टीव्हीसमोर मांडी ठोकली.

आवड आहे हे खरंच. तंबोऱ्या-सतारींच्या गावचा माणूस. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं चालतं, ते मामांनी उभा जन्म ऐकलेलं. त्यामुळे पहिला आक्षेप पार्किंगमध्येच निघाला.

"तिकीट कितीचं?"

सांगितलं. मामांनी मनात डॉलरचे रुपये केले आणि गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं.

"पुण्यतिथीला तिकीट? आमच्याकडे खाँसाहेबांपुढे फुकट गातात, जावईबापू. गायला मिळालं म्हणून पाया पडतात वर."

आत बसल्यावर कळलं की माणशी दोन पेयं घ्यायलाच हवीत. मला गाडी चालवायची होती, मामा पीत नाहीत. मामांनी कोमट पाणी मागितलं. ते आलं, फुकट आलं, पण पेयांत धरलं गेलं नाही. म्हणजे चार ग्लास जिंजर एल, आल्याचा सोडा, मला एकट्याला. श्रद्धांजली वाहायला आलेला माणूस ढेकर देत बसला.

"गाणार कोण?" मामा.

"मडी वॉटर्सची गाणी आहेत. गाणारे दुसरे."

"मडी म्हणजे?"

"गढूळ."

"गढूळ पाणी?" मामांचा आवाज मिरज जंक्शनवर गाडी पकडून देणारा. "हे नाव?"

"खरं नाव मकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीत आजीने वाढवला. सारखा चिखलपाण्यात खेळायचा म्हणून तिनेच मडी म्हणायला सुरुवात केली."

"आजीने ठेवलं ना, मग जन्माचं चिकटणार." मामांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. "पण मोठेपणी कोणी तुरटी फिरवली नाही होय?"

पुढच्या टेबलावरचा काळी हॅट घातलेला म्हातारा मागे वळला. मामांकडे बघून हसला. माझ्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. हे नीट ध्यानात ठेवा.

गाणं सुरू झालं ते एकाच स्वरसंगतीवर ठाण मांडून बसणारं. गिटार एकच तुकडा वाजवतेय, थांबतेय, पुन्हा तोच तुकडा. मामा हात जोडून शांत बसले होते. तीन-चार मिनिटांनी लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला तेव्हा ते दचकले.

"संपलं? मला वाटलं, अजून जुळवतायत."

मग काच-नळीची गिटार आली. करंगळीत नळी घालून तारेवरून घसरवतात ती. मामा एकदम ताठ. "मींड! बघा, बघा, कशी ओढली!" इथे त्यांचं बरोबर होतं आणि मला भरून आलं. तेवढ्यात बारा बारांचं चक्र सुरू झालं. प्रत्येक बार चार ठोक्यांचा, असे बारा, की पुन्हा पहिल्यापासून. मामांनी बोटं मोजली. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला त्यांनी जाहीर केलं, "एकताल आहे," आणि समेवर टेबलावर थाप मारली. माझा तिसरा जिंजर एल माझ्या मांडीत.

बाकी सगळा क्लब दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळ्या देत होता. "समेवर एकाची टाळी नाही," मामा हळहळले, "शिकवलंच नाही कुणी." आणि उरलेल्या गाण्याभर हे शिक्षण त्यांनी एकहाती चालू ठेवलं. हॅटवाल्याने वळून त्यांना अंगठा दाखवला. मला पुन्हा ओठांवर बोट.

आता माझा गुन्हा सांगतो. मामांचा प्रश्न तीन शब्दांचा असायचा आणि माझं उत्तर तीन मिनिटांचं. मला सांगायला आवडतं, काय करू? "ही गिटार विजेची कशाला?" असं त्यांनी विचारलं, आणि मी निघालोच. 1941 साली लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स मिसिसिपीत स्टोवॉलच्या कापसाच्या मळ्यावर जाऊन अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी याचं गाणं मुद्रित करतो. 1943 ला हा शिकागोला येतो. दिवसा ट्रक हाकतो, रात्री साउथ साइडच्या गुत्त्यांत वाजवतो. आणि तिथे लोक इतकी बडबड करतात की साधी गिटार कुणाला ऐकूच जात नाही. म्हणून दीड-दोन वर्षांत विजेची गिटार. "म्हणजे बघा मामा, बोलणाऱ्यांवर मात करायला हे सगळं…"

इथे खांद्यावर हात पडला. दारवान.

मी सांगायचा प्रयत्न केला की हे वृद्ध गृहस्थ विचारत होते. मामांनी माझ्याकडे खेदाने पाहिलं आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे, जावईबापू. तुम्ही फार बोलता."

दारवानाला मराठी येत नव्हतं. पण मान मात्र समजून हलवली त्याने.

बाहेर तळ्यावरचं वारं. एप्रिल संपत आला तरी शिकागोला कुणी कळवलेलं नसतं. ओल्या पँटीत मी उभा, आणि भिंतीतून फक्त धडधड ऐकू येतेय. अशा वेळी माणसाला दुसऱ्यांचे अन्याय आठवतात. याच शहरात स्टेट स्ट्रीटवर एका उंच इमारतीची अख्खी भिंत मडीच्या चित्राने रंगवलेली आहे, 2016 पासून. रंगीबेरंगी, झक्क. आणि साउथ लेक पार्क अव्हेन्यूवरचं त्याचं घर, ज्याच्या तळघरात बँडच्या तालमी व्हायच्या, ते वर्षानुवर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून पडलं होतं. शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला तो 2021 मध्ये. भिंतीवर चेहरा काढायला रंग लागतो, घराचं छप्पर दुरुस्त करायला कुणीतरी लागतं. आतला बँडप्रमुखही तसलाच. मडीबद्दल दोन वाक्यं, आणि मडीला आपण कधी भेटलो, काय घातलं होतं, याबद्दल दहा मिनिटं. त्याला नाही कुणी बाहेर काढलं.

मग धडधड बदलली आणि आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. 'गॉट माय मोजो वर्किंग'. 1960 साली न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात ज्या गाण्यावर त्याने लोकांना वेडं केलं होतं, ते. मी दोन महिने ज्याची वाट बघत होतो, ते. मी भिंतीला कान लावला. भिंत विटांची होती. त्यातूनही दर आवर्तनाला एक थाप स्वच्छ ऐकू येत होती.

मामा सर्वांत शेवटी बाहेर आले, हॅटवाल्याच्या खांद्यावर हात टाकून. हॅट मामांच्या डोक्यावर.

"काय म्हणत होते ते?" मी विचारलं.

"एक अक्षर कळलं नाही. पण जाणकार माणूस. शेवटी शेवटी समेवर यायला लागला होता." गाडीत बसल्यावर त्यांनी हॅट मांडीवर नीट ठेवली. "बरं, ते शेवटचं काय होतं हो? सगळे उभे राहिले, बायका नाचल्या. फार रंगलं. कुठलं गाणं ते? आणि हा माणूस राहायचा कुठे?"

मी हीटर वाढवला. वेस्टमाँटची पाटी आली आणि गेली, तरी मी तोंड उघडलं नाही.