"त्याला कुठलं भान, तो कशाला जीव देतोय" हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या गावच्या ग्रुपवर चार दिवस झाले एक मेसेज फिरतोय. म्हणे स्किझोफ्रेनियाच्या (कानात नसलेले आवाज ऐकू येतात, नसते भास-संशय येतात तो मानसिक आजार) पेशंटला कशाचंच भान नसतं म्हणून तो जीव देत नाही, खेड्यात तर घरात चार माणसं असतात त्यामुळे भीतीच नाही, जो बोलून दाखवतो तो करत नाही, आणि शेवटी, गोळ्यांनीच माणूस खचतो, बंद करा. माझ्या मावसभावाला हा आजार होऊन अकरा वर्षं झाली, म्हणून लिहितेय.

भान नसतं हे साफ खोटं. हा आजार असलेल्या शंभरातले साधारण ५ जण आत्महत्येने जातात, आणि जास्त धोका आजाराच्या पहिल्या काही वर्षांत आणि दवाखान्यातून घरी सोडल्यावर लगेचच्या दिवसांत असतो, म्हणजे नेमकं घरचे "सुटलो बाबा, बरा झाला" म्हणतात तेव्हा. कानातले आवाज कमी झाले की दिसायला लागतं ना, कॉलेज सुटलं, बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, पारावर गेलं की लोक उठून जातात. दादा, म्हणजे हा मावसभाऊ, दवाखान्यातून घरी आला तेव्हा शांत होता, जेवायचा, झोपायचा, आम्ही निर्धास्त. एका रात्री भाकरी तशीच ठेवून मावशीला म्हणाला, "आई, माझं ओझं झालंय ना तुम्हाला?" हे भान नसलेल्या माणसाचं बोलणं आहे का?

चार माणसं असतात, खरंय, मावशी नसती तर दादा आज नसता. पण तीच माणसं बहिणीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवतात, आधी देवऋषी, मग अंगारे, आमचं दीड वर्ष त्यातच गेलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार मिळतात, पण एसटीने जाऊन यायचं म्हणजे हजेरी बुडते, मग गोळ्या संपल्या तरी "पेरणी उरकू दे" होतं आणि आजार पुन्हा उलटतो. त्यात फवारणीचं औषध प्रत्येक घरात. मावशीने ते कुलपात टाकलंय, किल्ली तिच्या कमरेला.

बोलणारा करत नाही हेही चूक, बोलला तर तिथेच बसून ऐका. सरळ विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट मोकळं होतं. आणि पोलीस केसच्या भीतीने लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे असतात.

गोळ्यांची ओळ सगळ्यात घातक. क्लोझापिन नावाच्या गोळीला अमेरिकेत २००२ मध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी म्हणून वेगळी मंजुरी मिळाली. तिला नियमित रक्त तपासावं लागतं, झोप फार येते, सगळं मान्य, पण ते डॉक्टरला सांगून डोस बदलून घ्यायचा, मनाने बंद नाही करायची.

मावशी रोज रात्री गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने टिक करते, आणि वरच्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलंय १४४१६, टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. ज्याच्या घरात असं कोणी आहे त्याने आत्ताच लिहून ठेवा.